दिवे चालू, टीव्ही चालू. कॉम्प्युटर तेवढा बंद

प्रश्न : मुलाने दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला जाऊन सीताबर्डीवरून सुटे भाग आणले आणि घरीच कॉम्प्युटर जोडला. महिनाभर उत्तम चालला. डिसेंबर लागल्यापासून मात्र दिवसातून दोन-तीनदा अचानक बंद पडतो. स्क्रीन काळी होते, आतले पंखे थांबतात. बटण दाबलं की लगेच सुरूही होतो. रात्री उशिरा मुलगा गेम खेळतो तेव्हा काही होत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी मी साधं टायपिंग करायला बसलो की हमखास पडतो. विंडोजच्या नोंदींत दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ असं दिसतं. ओळखीचे दुकानदार एसएमपीएस बदला म्हणतात. बदलावा का? घरात इन्व्हर्टर आहे, दिवे आणि टीव्ही चालूच असतात, त्यामुळे लाइट जाण्याचा प्रश्नच येत नाही.
— एक वाचक, पवनार (जि. वर्धा)

उत्तर : १९३८ साली विनोबा तुमच्या गावी आले, तेव्हा धाम नदीचा पूल ओलांडतानाच त्यांनी मनातून सगळ्याचा त्याग केला, असं सांगतात. तुमच्या कॉम्प्युटरने तो कित्ता रोज दोन-तीनदा गिरवावा असं काही नाही. पण एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा, आत्ताच बदलू नका. पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. माझा संशय तिथेच आहे.

आधी त्या ‘४१’चा निकाल लावू. या आकड्याने बरीच माणसं घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. ही नोंद होते पुन्हा सुरू झाल्यावर. झोपेतून उठलेल्या माणसाने ‘मी झोपलो होतो’ म्हणावं, तशी. का, ते त्यात नसतं.

खरा पुरावा तुमच्याच निरीक्षणात आहे. प्रोसेसर तापून बंद पडणारा कॉम्प्युटर असा बेसावध पडत नाही. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात. पंखे बोंबलतात, खेळ अडखळायला लागतो, आणि त्यानंतरही पारा चढतच राहिला तर वीज तोडली जाते. रॅम बिघडली असेल तर बहुधा निळी स्क्रीन येते किंवा सगळं जागच्या जागी थिजतं. एसएमपीएस अशक्त असेल तर तो सगळ्यात जास्त ओझ्याखाली, म्हणजे गेम खेळतानाच, मान टाकेल. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. ओझं नसताना, पण ठरावीक वेळांना. म्हणून कॅबिनेटपेक्षा आधी घड्याळाकडे बघू.

सकाळ-संध्याकाळ तुमच्या गल्लीत नळ येतो का? पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात का? डिसेंबरात गहू-हरभऱ्याला पाणी देणंही चालू असतं. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट विजेचा प्रवाह ओढते. त्या क्षणी त्याच डीपीवरच्या सगळ्या घरांत दाब खाली जातो. २३० व्होल्टच्या जागी १६०-१७० आले तरी एलईडी दिवा हूं की चूं करत नाही, टीव्हीही नाही. जुनी ट्यूबलाइट असती तर तिने फडफड करून चुगली केली असती. एलईडीमुळे घरातला हा फुकटचा साक्षीदार गेला.

आता इन्व्हर्टर. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला बहुधा एक छोटं बटण असतं : एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. ते कुणी बघत नाही. बसवणाऱ्याने जसं ठेवलं तसं राहतं. ‘नॉर्मल’वर असताना इन्व्हर्टर बाहेरचा दाब साधारण १०० व्होल्टपर्यंत पडला तरी तो तसाच घरात सोडतो, आणि बॅटरीवर जायची वेळ आलीच तर ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो. ‘यूपीएस’वर हाच वेळ साधारण १० मिलिसेकंद, आणि दाब १८०च्या खाली गेला की तो लगेच बॅटरी पुढे करतो.

तीस मिलिसेकंदांच्या फरकाने काय बिघडतं? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. वीज तुटली तर एसएमपीएसमधले कपॅसिटर साठवलेल्या विजेवर कॉम्प्युटरला थोडा वेळ तगवतात. चांगल्या एसएमपीएसकडून भरपूर भाराखाली ही मुदत १६-१७ मिलिसेकंद अपेक्षित असते. स्वस्तातला त्याआधीच हात वर करतो. म्हणजे १० मिलिसेकंदांची फट चांगला एसएमपीएस ओलांडतो, ४० ची नाही. तुमची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे दिवा लुकलुकला तरी लक्षात येईलच असं नाही. शिवाय काही स्वस्त एसएमपीएस १८० व्होल्टच्या खाली चालायला बनवलेलेच नसतात. त्यांना पडलेला दाब तसाच मिळाला की खेळ खलास.

तेव्हा पहिलं काम : बटण ‘यूपीएस’वर करा आणि आठ दिवस एका वहीत बंद पडण्याच्या वेळा लिहा. मिनिटासकट, शेजारी मोटार चालू होती का तेही. आणखी पक्की खात्री हवी असेल तर संध्याकाळच्या त्या वेळेला इन्व्हर्टरला येणारी मेन वीज बंद करून तासभर बॅटरीवर टायपिंग करून बघा. तासभर पडला नाही, तर कॉम्प्युटर बहुधा निर्दोष. (इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही नवे एसएमपीएस त्यावर कुरकुरतात, तो निकाल धरू नका.)

‘यूपीएस’ची एक किंमत आहे. तुमच्याकडे दाब नेहमीच कमी असेल तर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल आणि बॅटरी लवकर म्हातारी होईल. तसं दिसलं तर घराचं बटण पूर्ववत करून कॉम्प्युटरपुरता वेगळा छोटा यूपीएस घ्या, दाब सावरणारा. घेताना एसएमपीएसवरचे वॅट दुकानदाराला दाखवा. रात्रीचा गेमही त्याला पेलायचा आहे.

हे सगळं करूनही पडला, तरच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या. घरी जोडलेल्या यंत्रात ठरलेल्या चार जागा मी आधी बघतो. मागची पॉवर केबल सैल आहे का. मदरबोर्डवर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची जोडणी ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसली आहे का. बोर्डाखाली एखादा पितळी खांब नको त्या जागी राहून शॉर्ट तर होत नाही ना. आणि कॅबिनेटचं बटणच अडकत नाही ना : मदरबोर्डवरून त्याची वायर काढून ठेवा, ती जिथे होती त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावून यंत्र सुरू करा आणि दिवसभर चालवा. एसएमपीएसची परीक्षा मित्राकडचा दुसरा लावूनच करा. त्याचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठा राहिलेला असू शकतो.

उष्णतेचा मुद्दा आत्ता बाद केला असला तरी तो एप्रिलात परत येईल. आज खोलीत २५ अंश आणि प्रोसेसर ७० वर असेल, तर खोली ४२ ची झाल्यावर तोच प्रोसेसर तेवढ्याच कामाला ८७ च्या आसपास जाईल. वर्ध्याचा मे ४५ च्या पुढे जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा कापसाचा जिल्हा. हवेतले तंतू आणि धूळ पंख्यामागच्या पात्यांवर बसून त्यांची गोधडी होते, आणि कूलरची ओल लागली की ती गोधडी चिकटते. मार्च संपायच्या आत मऊ ब्रशने ती काढा, प्रोसेसरवरच्या कूलरच्या चारही खुंट्या घट्ट बसल्या आहेत का बघा, आणि कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या कूलरची मोटारही कॉम्प्युटरच्या स्विचबोर्डवर नको.