मोठा गड्डा कोणासाठी?

(शब्बाथ शाळेचे शिक्षक व गावोगावचे उपदेशक यांच्यासाठी पाठ)

वाचनभाग : 1 करिंथ 3:5-9, योहान 6:1-13, लूक 12:13-21.

पाठाचा हेतू : वाढ देवाची आहे. म्हणून मोठ्या पिकाचा गर्व नसावा, बुडालेल्या पिकाची लाज नसावी, आणि जे वाढले ते वाटण्यासाठीच वाढले, हे मुलांच्या मनावर ठसविणे.

पेरणी आणि कापणीचे दृष्टांत आपल्या मंडळ्यांतील लोकांस फोड करून सांगावे लागत नाहीत. पेरणारा, निदण आणि मोहरीचा दाणा यांविषयी प्रभू बोलला, तेव्हा तो जणू आपल्याच शिवारात उभा राहून बोलत होता. आज आम्ही पाठासाठी एका कोबीच्या गड्ड्याची हकीकत घेतली आहे. ती अमेरिका देशातील असून खरी घडलेली आहे. प्रथम हकीकत सांगू, मग शास्त्राकडे वळू.

1. हकीकत

अमेरिकेच्या अलाबामा प्रांतात युनियन स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. तेथील रोपे विकणाऱ्या बॉनी नावाच्या कंपनीने 1996 साली आसपासच्या शाळांतील तिसऱ्या इयत्तेच्या मुलांस कोबीचे एकेक रोप फुकट देण्याचा उपक्रम सुरू केला. 2002 साली तो देशभर पसरला. रोप साध्या कोबीचे नसे. ओ. एस. क्रॉस नावाच्या संकरित जातीचे असे, आणि तिचा गड्डा चांगली निगा राखल्यास 40 पौंडांच्याही वर, म्हणजे 18 किलोहून अधिक भरतो. मुलाने रोप घरी न्यावे, दिवसातून निदान सहा तास ऊन लागेल अशा जागी लावावे, भोवती तीनेक फूट जमीन मोकळी ठेवावी, खत-पाणी द्यावे, किडी वेचाव्या, आणि दहा-बारा आठवड्यांनी गड्डा तयार झाला म्हणजे तो शिक्षकांस दाखवावा, अशी रीत होती. वर्गातील उत्तम गड्डा निवडला जाई. मग प्रत्येक प्रांतात अशा निवडलेल्या मुलांतून सोडत काढून एकास शिक्षणासाठी 1000 डॉलर मिळत. म्हणजे सर्वांत मोठा गड्डा ज्याचा, त्यालाच बक्षीस मिळेल असा नेम नव्हता.

2008 साली साउथ कॅरोलायना प्रांतातील समरव्हिल गावच्या केटी स्टॅग्लियानो नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने असे एक रोप घरी आणले. तिने ते लावले, जोपासले. हरणांनी खाऊ नये म्हणून घरच्यांच्या मदतीने त्याभोवती जाळी उभारली. गड्डा वाढत वाढत 40 पौंडांचा झाला. एवढ्या मोठ्या गड्ड्याचे करावे काय? तिचे वडील जेवताना म्हणत असत, की आपल्याला रोज पोटभर मिळते हे आपले भाग्य. कित्येक कुटुंबांस अन्नछत्राच्या दारी जावे लागते. ते तिला आठवले. तिने आपला गड्डा एका अन्नछत्रास दिला. तेथे तो भाताबरोबर शिजला व 275 माणसे जेवली. ‘एका गड्ड्याने इतके होते, तर बागेने किती होईल?’ असा विचार तिच्या मनात आला. पुढे तिने भुकेल्यांसाठी बागा केल्या आणि इतर मुलांसही अशा बागा करण्यास साह्य देणारी संस्था उभी केली.

2. वाढविणारा कोण?

आता पौलाच्या पत्राकडे वळू. करिंथच्या मंडळीत तट पडले होते. कोणी पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा. पौल त्यांस शेताकडे नेऊन सांगतो, की लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, पण वाढविणारा देवच. येथवर सर्वांस ठाऊक आहे. परंतु आठव्या ओवीकडे आपले लक्ष क्वचित जाते. प्रत्येकास मोबदला मिळेल तो कशाच्या मापाने? पीक किती आले या मापाने नव्हे, तर श्रम किती केले या मापाने. हे योग्यच आहे. कारण पीक जर देवाने वाढविले, तर त्याच्या आकाराचे श्रेय माणसास कसे मिळावे?

शिक्षकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. समजा, तुमच्या शाळेत दहा मुलांनी रोपे लावली. एकाच्या अंगणात काळी कसदार माती व विहीर जवळ. त्याचा गड्डा परातीएवढा झाला. दुसऱ्या मुलीने पाऊण मैलावरून कळशीने पाणी आणले, रोज पानांखालच्या अळ्या वेचल्या, पण एका रात्री शेळीने रोप खाल्ले. आपण टाळ्या कोणासाठी वाजविणार? गर्दी परात पाहून टाळ्या वाजविते, परंतु प्रभू कळशी पाहतो. ती मुलगी रिकाम्या हातांनी शाळेत आली आणि तिला कोणी काही विचारले नाही, तर आपण त्या दिवशी 1 करिंथ 3 शिकविले नाही. त्याच्या उलट शिकविले.

हीच गोष्ट उपदेशकांची. एका गावी वर्षात चार घराणी बाप्तिस्मा घेतात, दुसऱ्या गावी दहा वर्षे एकही नाही. अहवालात आकडे लिहावे लागतात, तेव्हा दुसऱ्या गावच्या बंधूची मान खाली जाते. त्याने ही आठवी ओवी पुन्हा वाचावी. आणि पहिल्या गावच्या बंधूनेही वाचावी.

3. फुटणारा गड्डा

कोबी लावणाऱ्यास एक गोष्ट अनुभवाने कळते. गड्डा घट्ट भरला, तरी तो शेतातच उभा ठेवला, आणि वरून भरपूर पाणी मिळाले, तर तो फुटतो. मुळे पाणी ओढतच राहतात, आतील पाने वाढू पाहतात, बाहेरची पाने ताणली जाऊ शकत नाहीत. शेवटी गड्ड्याला उभी चीर पडते. मग पाणी आत शिरते व तो कुजतो. म्हणून जाणता माळी भरलेला गड्डा वेळेवर कापतो. ‘अजून थोडा मोठा होऊ दे, लोक पाहतील’ असे म्हणत जो थांबतो, त्याच्या हाती बहुधा सडका पाला येतो.

लूकच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंताचे असेच झाले. शेत पिकले, हे त्याचे पाप नव्हते. पीक पाहून त्याला एकच प्रश्न सुचला, की हे साठवू कोठे? हे देऊ कोणाला, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नाही. ज्वारी कणगीत किंवा पेवात पुष्कळ दिवस राहते, म्हणून धान्यवाल्यास हा मोह पडतो. कोबी पेवात राहत नाही. तो जणू आपल्या धन्यास म्हणतो, ‘मला काप आणि वाट, नाही तर मी तुझाही राहणार नाही.’ पैसा, विद्या आणि मान यांच्या बाबतीतही असेच घडते, पण त्यांना पडलेली चीर आपल्याला उशिरा दिसते.

4. पाच भाकरी व एक गड्डा

आता योहानाचा सहावा अध्याय पाहा. चारही शुभवर्तमानांत पाच हजारांच्या भोजनाची कथा आहे, पण भाकरी एका मुलाजवळ होत्या हे योहानच सांगतो. फिलिप्पाने हिशेब केला, की दोनशे दिनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत. आंद्रियाने मुलास आणले, पण त्यालाही शंकाच होती. हिशेब करू गेल्यास केटीचा गड्डाही थोडाच होता. 40 पौंड 275 माणसांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्यास 66 ग्रॅमही पूर्ण येत नाहीत. स्पर्धेत जो प्रचंड दिसला, तो भुकेल्यांच्या पंक्तीत मूठभर ठरला. परंतु त्या मुठीबरोबर भात मिळाला, शिजविणारे हात मिळाले, आणि 275 माणसे जेवली. तेथे गालीलातल्यासारखा चमत्कार झाला असे आम्ही म्हणत नाही. इतकेच म्हणतो, की मुलाने आपले थोडके देऊन टाकले म्हणजे मोठ्यांचे हिशेब मागे पडतात.

5. आपण काय करावे?

येत्या थंडीत प्रत्येक शब्बाथ शाळेने हा प्रयोग करून पाहावा. आश्विन-कार्तिकात वाफ्यात बी टाकावे. चार-पाच आठवड्यांची रोपे झाली म्हणजे प्रत्येक मुलास दोन-दोन द्यावी. साधारण हातभर अंतराने लावावी. आपल्याकडील जातींचे गड्डे किलो-दोन किलोचे होतील, तेवढे पुरे. प्रत्येक मुलाने वहीत रोजचे काम लिहावे, आणि शाबासकी वही पाहून द्यावी. बक्षिसाची चढाओढ ठेवण्यास आमची हरकत नाही. पौलानेही शर्यतीचा दाखला दिलाच आहे.

मात्र सर्व गड्डे हंगामाच्या सणाच्या दिवशी मंडळीत आणावे. आपल्याकडे त्या दिवशी लिलाव होतो, आणि कधी कधी बोली चढते ती देवाच्या कार्यासाठी की स्वतःच्या नावासाठी, हे सांगणे कठीण होते. निदान मुलांचे गड्डे लिलावात घालू नयेत. ते चिरून मोठ्या भांड्यात शिजवावे, आणि ज्या घरी चूल थंड आहे त्या घरची माणसे प्रथम पंक्तीस बसवावी, मग ती मंडळीतील असोत वा नसोत. वाढण्याचे काम ज्यांची रोपे मेली त्या मुलांस द्यावे.

विचारासाठी प्रश्न :
1. देव मोबदला कोणत्या मापाने देतो? आपण कोणत्या मापाने देतो?
2. लूक 12 मधील श्रीमंताने कोणता प्रश्न विचारावयास हवा होता?
3. आपल्या घरी भरलेला, पण न कापलेला ‘गड्डा’ कोणता?

पाठांतरासाठी : 1 करिंथ 3:7.