जुन्या मालाचा नवा बाजार

बैल घ्यायला गेलेला शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, मग त्याला चालवून पाहतो, आणि एवढे करूनही गावातला एखादा जाणता माणूस बरोबर नेतो. जुनी वस्तू घेताना आपण वस्तूबरोबर तिच्याविषयीची खात्रीही विकत घेत असतो. मोबाइलवरच्या जुन्या मालाच्या बाजारात ही खात्रीच दुर्मिळ होत चालली आहे.

अर्थशास्त्रात या प्रश्नाची मांडणी जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली केली. जुन्या मोटारींच्या बाजारावरचा त्यांचा हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे २००१ साली स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा मुद्दा आपण फोनवर लावून पाहू. समजा, चांगला जुना फोन ८,००० रुपयांचा आहे व खराब ४,००० चा. फोटोत दोन्ही सारखेच चकाकतात. म्हणून गिऱ्हाईक मधला भाव, ६,००० सांगते. चांगल्या फोनचा मालक म्हणतो, एवढ्याला देण्यापेक्षा धाकट्या भावाला वापरू दे. खराब फोनवाला मात्र लगेच तयार होतो. हळूहळू गिऱ्हाईक शहाणे होऊन ४,००० च सांगू लागते. बाजार चालू राहतो, पण वाईट मालाचा. येथे कोणी भामटा असण्याचीही गरज नाही, हे विशेष!

भामटे आले ते निराळेच. आपण लष्करात आहोत, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात विकतो, असे सांगून आगाऊ रक्कम मागणारे. किंवा ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारे. वस्तुतः पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही.

ओएलएक्स, क्विकर यांसारख्या ठिकाणी घरगुती विक्रेत्यांच्या बरोबरीने व्यापारीही आले. एकच फोटो अनेक जाहिरातींत दिसतो, आणि पैसे भरणाऱ्याची जाहिरात वर चढते. मला वाटते, मूळ दुखणे येथेच आहे. जाहिराती किती आल्या हे कंपनीला मोजता येते. माल कसा निघाला हे सौद्यानंतर, तिच्या नजरेआड ठरते.

ज्याला नवे घेता येते त्याला हा नुसता मनस्ताप. पण २०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तेव्हा आमच्यासारख्या घरांत जुना फोन हेच पाटी-दप्तर झाले. मजुरीच्या पैशांतून घेतलेला आमचा फोन तीन आठवड्यांत बंद पडला आणि विकणाऱ्याचा नंबरही लागेना. माझ्या बहिणीचे त्या वर्षीचे गणित कच्चे राहिले ते राहिलेच.

आता सरकारच्या ‘संचार साथी’वर फोनचा आयएमईआय क्रमांक तपासता येतो. तो फोनवर *#०६# दाबल्यास दिसतो. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे काय, एवढे त्यावरून कळते. बॅटरीचे मात्र कळत नाही. त्यासाठी आपले सिम घालून, फोन चार्जिंगला लावून विकणाऱ्यासमोर निदान तासभर बसावे लागते. आणि तेवढा वेळ तो देत नसेल, तर विसार देऊ नये.