ब्रेकवाली टोचन-फ्रेम कायद्यात बसते का?

प्रश्न : होटगीत माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. शेजारचे गॅरेजवाले बंद पडलेल्या छोट्या गाड्या आपल्या जीपमागे टोचन करून आणतात. दोरीऐवजी त्यांना ब्रेक असलेली तिकोनी लोखंडी फ्रेम हवी आहे, म्हणजे मागच्या गाडीत माणूस बसवायला नको. बनवून देऊ का?
– एक वाचक, होटगी

उत्तर : फ्रेम जरूर बनवा. पण मागे माणूस लागणार नाही, असं सांगून विकू नका. कायदा नेमका तिथंच आडवा येतो.

मोटार वाहन चालन विनियम, 2017 प्रमाणे नादुरुस्त गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेता येते. मात्र तिच्या स्टिअरिंगवर लायसन्स असलेला माणूस हवा, नाहीतर तिची स्टिअरिंगची चाकं जमिनीवरून पक्की उचललेली हवीत. तुमची फ्रेम चाकं उचलत नाही, त्यामुळे ब्रेक कितीही चांगला असला तरी चालक बसवावाच लागेल. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत हवा आणि मागे ‘ऑन टो’ची पाटी हवी.

तरीही ब्रेक सोडू नका. ब्रिटनमध्ये अशा फ्रेमवरची गाडी ट्रेलर धरतात आणि 750 किलोंच्या वर ब्रेक सक्तीचा असतो. मारुती 800 रिकामी साधारण 650 किलोंची, आजच्या बहुतेक गाड्या मात्र या मर्यादेहून जड. इंजिन बंद असलं की व्हॅक्यूमची मदत जाते आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. चालकाने जोर लावला तरी गाडी जीपला रेटतच राहते. म्हणून दांड्यात स्प्रिंगवर सरकणारा तुकडा घ्या. जीप थांबली की मागची गाडी पुढे रेटेल, तुकडा दबेल आणि त्याची केबल पेडल ओढेल. फ्रेम बंपरला नव्हे, चॅसीला जोडा. पिनला लॉक आणि वेगळी सेफ्टी चेन द्याच. गळीत हंगामात रात्री होटगी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, तेव्हा रिफ्लेक्टरही विसरू नका.

उद्या कोणी याच फ्रेमला चाकं लावून ट्रेलर मागितला, तर थांबा. ट्रेलर हे कायद्याने मोटार वाहनच आहे. त्याला नमुना-मंजुरी आणि नोंदणी लागते. मंजुरीशिवाय बनवून विकल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ खाली दर वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पैशाचा खरा धोका मात्र गॅरेजवाल्यांना आहे. खासगी जीपने पैसे घेऊन गाड्या ओढल्या, तर भाड्याचा वापर म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते, आणि अपघाताची भरपाई मग मालकाच्या खिशातून जाते. जीप वाहतूक वाहन म्हणून नोंदवली तर नादुरुस्त गाडी ओढण्याच्या कामाला कलम 66 प्रमाणे परवानाही लागत नाही. त्यांना आधी सोलापूरच्या आरटीओत जाऊन नोंदणी आणि विमा बदलून घ्यायला सांगा, आणि तुमच्या बिलावर ‘मागील गाडीत चालक आवश्यक’ असं छापून घ्या.