डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील पदभ्रमण

सह्याद्रीच्या घाटवाटांत हिंडून ज्याचे पाय तयार झाले आहेत, त्याला इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्याचा नकाशा प्रथमदर्शनी काहीसा पोरकट वाटण्याचा संभव आहे. कारण त्या संपूर्ण दक्षिण किनाऱ्यावरचा सर्वोच्च कडा म्हणून जिचा लौकिक आहे, ती गोल्डन कॅप भरते अवघी 191 मीटर, म्हणजे सिंहगडाच्या चढणीच्या निम्मीही नव्हे. परंतु उंचीवरून श्रमांचा अंदाज बांधणारा येथे हटकून फसतो. किनाऱ्याची वाट प्रत्येक ओहोळाच्या मुखाशी समुद्रसपाटीला उतरते आणि पलीकडचा कडा पुन्हा पहिल्यापासून चढावयास लावते. सबब दिवसाकाठी बारा-पंधरा किलोमीटरांची मजल पुरेशी समजावी.

ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000 प्रमाणाचा नकाशा जवळ असावाच. त्यावरील हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक वहिवाटीच्या वाटा. शेत खासगी मालकीचे असले, तरी या रेषेवरून जाणाऱ्यास मज्जाव करण्याचा अधिकार मालकास नाही, आणि रेषा सोडून भटकण्याची मुभा पांथस्थासही नाही. पिवळा बाण पादचाऱ्यांचा. निळ्या बाणाच्या वाटेवर घोडेस्वार व सायकलस्वारही भेटतील. फाटक जसे आढळले तसेच ठेवून पुढे जावे.

माझ्या मते पहिला दिवस चारमथला द्यावा, आणि तोही शक्यतो हिवाळ्यात, वादळ होऊन गेल्यावर. तेथील करडी माती सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या जवळजवळ तिप्पट वयाची. पण कातळाचे काठिण्य तिच्यात लेशमात्र नाही. ती ढासळते, लाटा तिला धुऊन काढतात आणि आतले जीवाश्म किनाऱ्यावर येऊन पडतात. ओसरणारे पाणी जड खडे जेथे जमवून ठेवते, तेथे वाकून संथपणे पाहावे; नाण्याएवढे, पितळी झाक असलेले, कडेला बारीक पन्हळी असलेले एखादे वेटोळे हाती लागते. तोच अ‍ॅमोनाइट. देवघरात शाळिग्राम पाहिलेल्याला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही, कारण गंडकीच्या पात्रातील शाळिग्रामातही याच कुळातील प्राण्यांचे अवशेष असतात. सुटे पडलेले उचलावे. कड्यास हातोडी लावू नये, त्याच्या पायथ्याशी बसून फराळ तर मुळीच करू नये.

येथून लाइम रीजिसपर्यंत पुळणीवरून जाता येते, पण केवळ ओहोटीत. पाणी उतरू लागताच निघावे. चढू लागण्यापूर्वी पलीकडे पोहोचणे जमणार नसेल, तर निमूटपणे वरची वाट धरावी, कारण मागे कडा व पुढे समुद्र अशा कोंडीतून सुटकेची तजवीज सहजासहजी होत नाही. म्हणून घड्याळापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. याच किनाऱ्यावर मेरी ॲनिंग (1799–1847) या सुताराच्या मुलीने जीवाश्म वेचून विकण्यावर चरितार्थ चालविला आणि 1823 साली प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा उकरून काढला. तिच्या शोधांवर प्रबंध वाचणाऱ्या विद्वानांच्या लंडनमधील भूवैज्ञानिक संस्थेत स्त्रियांना त्या काळी सभासदत्वच नव्हते, ही गोष्ट लाइमच्या रस्त्यांतून हिंडताना विसरवत नाही.

पूर्वेकडे लुलवर्थची वाटोळी खाडी आणि डर्डल डोअरची नैसर्गिक कमान यांवर इतके लिहिले गेले आहे की, उन्हाळ्यातील रविवारी तेथे जाऊ नये, एवढेच सांगतो. त्यापलीकडचा मुलूख लष्कराच्या तोफसरावाचा. बहुतेक शनिवार-रविवारी वाट खुली असते, तथापि निघण्यापूर्वी त्या दिवसाची जाहीर सूचना वाचावी आणि लाल निशाण दिसल्यास परतावे. वाट खुली असताना पिवळ्या खुणांच्या आतच चालावे, कारण पलीकडे न फुटलेले गोळे असू शकतात. 1943 च्या डिसेंबरात याच लष्करासाठी रिकामे करविलेले टाइनम गाव येथे आहे. रहिवाशांना परतण्याची मुभा पुढे कधीच मिळाली नाही. देऊळ आणि शाळा मात्र नीट राखली आहेत.

चेझिलची 29 किलोमीटर लांब गोट्यांची पट्टी पाहावी ती ॲबट्सबरीच्या टेकडीवरून. पश्चिमेला वाटाण्याएवढे असलेले गोटे पोर्टलंडकडे जाताना मोठे होत जातात. त्यांवरून चालणे म्हणजे पायांना शिक्षा, आणि तळ एकदम खोल जात असल्याने तेथे पोहणे धोक्याचे. समुद्रस्नानाची हौस असेल, तर वेमथ अथवा स्वॉनेजची वाळू गाठावी.