पाहुणा प्रचारक आणि लहान मंडळी

धर्मप्रचारासाठी परदेशी गेलेल्या मनुष्याचे एक ठरावीक चित्र आपल्या मनात असते. तो धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला असतो, प्रौढ असतो, आणि ज्या देशात जातो तेथेच आयुष्य वेचतो. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले आणि १८३४ मध्ये श्रीरामपूर येथेच त्यांचा अंत झाला. अशा उदाहरणांवरून हे चित्र तयार झाले आहे. मॉर्मन मिशनरी मात्र या चौकटीत बसत नाही. तो बहुधा तरुण असतो. धर्मशास्त्राची पदवी त्याच्याजवळ नसते. ठरलेली मुदत संपली की तो घरी परततो आणि शिक्षण, नोकरी, संसार यांत गुंतून जातो. अशा प्रचारकाच्या कामाचा विचार करताना एक प्रश्न साहजिकच पुढे येतो. जो परत जाणारच आहे, त्याच्या हातून परदेशातील एखाद्या लहानशा मंडळीला काय मिळते, आणि तो गेल्यावर तेथे काय उरते? जपानमधील १९०१ ते १९४८ या कालखंडाचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष उपयुक्त आहे.

प्रचारकाची व्यवस्था

ज्याला लोक मॉर्मन पंथ म्हणतात, त्याची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात ६ एप्रिल १८३० रोजी केली. 'येशू ख्रिस्ताचे उत्तरकालीन संतांचे चर्च' असा त्याच्या औपचारिक नावाचा अर्थ आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'मॉर्मनचे पुस्तक' या ग्रंथाला अनुयायी बायबलच्या बरोबरीने धर्मग्रंथ मानतात. १८३७ मध्ये या पंथाचे प्रचारक इंग्लंडला पोहोचले, आणि १८४७ पासून अनुयायांची मुख्य वस्ती यूटा या प्रदेशात झाली.

या पंथाच्या स्थानिक मंडळ्यांत पगारी धर्मोपदेशक नसतात. आठवडाभर शाळेत शिकवणारा किंवा दुकान चालवणारा गृहस्थच रविवारी मंडळीचे नेतृत्व करतो. प्रचारकार्यही याच तत्त्वावर उभे आहे. सध्याच्या पद्धतीनुसार तरुण पुरुष दोन वर्षे आणि तरुण स्त्रिया दीड वर्ष ही सेवा करतात. त्यांना वेतन मिळत नाही. खर्चाचा भार ते स्वतः, त्यांचे कुटुंब किंवा त्यांना साहाय्य करणारे स्वधर्मीय उचलतात. कोणत्या देशात जायचे हे प्रचारक ठरवीत नाही. तसे पत्र त्याला चर्चकडून येते. पुरुषाला 'एल्डर' आणि स्त्रीला 'सिस्टर' असे संबोधितात. काम नेहमी जोडीने करावयाचे असते, आणि काही महिन्यांनी जोडीदार बदलतो, गावही बदलते. घरच्यांशी दूरध्वनीवर बोलण्याची मुभा पूर्वी वर्षातून एखाददुसऱ्या प्रसंगीच असे. २०१९ पासून ती आठवड्यातून एकदा मिळू लागली.

शेकडो सभासदांच्या मंडळीत असे दोन तरुण आले काय आणि गेले काय, फारसा फरक पडत नाही. पण जेथे भाड्याच्या खोलीत दहापंधरा माणसे उपासनेला जमतात, तेथे त्यांचे येणे ही मोठी घटना असते. तेथे गीताला पेटीची साथ करणे, प्रभुभोजनाची भाकर आणि पाणी वाटणे, मुलांचा वर्ग घेणे, आजाऱ्याच्या घरी जाऊन बसणे ही सर्व कामे त्यांच्या अंगावर पडतात. कामाच्या उत्साहात ते ती आनंदाने करतात. परंतु येथेच एक धोका दडलेला असतो. पाहुण्याने सगळेच काम हाती घेतले, तर घरचे लोक हळूहळू प्रेक्षक बनतात. मग पाहुणा गेला की चूल पेटवायची कोणी, हे कोणालाच ठाऊक नसते.

भाषेचा उंबरठा

१२ ऑगस्ट १९०१ रोजी चार मॉर्मन प्रचारक योकोहामा बंदरात उतरले. त्यांचे प्रमुख हेबर ग्रँट हे चर्चच्या बारा प्रेषितांच्या मंडळाचे सदस्य होते; पुढे १९१८ मध्ये ते साऱ्या चर्चचे अध्यक्ष झाले. सर्वांत लहान सोबती आल्मा टेलर हे अवघे एकोणीस वर्षांचे होते. चौघांपैकी कोणालाही जपानी भाषा येत नव्हती. आज परदेशी जाणाऱ्या प्रचारकासाठी भाषाशिक्षणाची सोय असते. यूटातील प्रोव्हो येथे १९६० च्या दशकात ती सुरू झाली. त्या काळी मात्र शब्दकोश, एखादा शिक्षक आणि रस्त्यावरची माणसे एवढेच साहाय्य होते.

ग्रँट अमेरिकेत यशस्वी व्यावसायिक म्हणून आणि वक्ते म्हणून ओळखले जात. जपानमध्ये त्यांच्या वक्तृत्वाचा उपयोग नव्हता. मार्च १९०२ मध्ये पहिला बाप्तिस्मा झाला, तो हाजिमे नाकाझावा नावाच्या शिंतो पुरोहिताचा. पौरोहित्य हेच ज्याचे उपजीविकेचे साधन, त्याच्या दृष्टीने अशा धर्मांतराचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. प्रचारक परतीच्या तिकिटाचा धनी असतो. अनुयायाला त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांत राहावे लागते. ही विषमता परदेशातील प्रत्येक लहान मंडळीच्या मुळाशी असते. ग्रँट १९०३ मध्ये परत गेले, तेव्हा जपानी अनुयायांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

टेलर मात्र १९१० पर्यंत तेथे राहिले. १९०४ मध्ये त्यांनी 'मॉर्मनच्या पुस्तका'चा जपानी अनुवाद करण्यास प्रारंभ केला. अडचणी पहिल्या शब्दापासूनच होत्या. 'कामी' हा जपानी शब्द शिंतो परंपरेतील असंख्य दैवतांना लावला जातो; एकमेव सृष्टिकर्त्याची कल्पना त्याच शब्दाने व्यक्त करावयाची म्हणजे वाचकाच्या मनातील जुना अर्थ पुसून नवा बसवावयाचा. दुसरा प्रश्न शैलीचा होता. त्या काळी जपानी वाङ्मयात जुनी ग्रांथिक भाषा मागे पडून बोलभाषेवर आधारलेले गद्य पुढे येत होते. धर्मग्रंथाला भारदस्तपणा हवा, या विचाराने अखेर ग्रांथिक शैलीच स्वीकारण्यात आली, आणि साहित्यिक इकुता चोको यांच्याकडून भाषा तपासून घेण्यात आली. १९०९ मध्ये या अनुवादाच्या पाच हजार प्रती छापण्यात आल्या. म्हणजे शिकवण्यासाठी आलेल्या तरुणाने आपल्या सेवेची बहुतेक वर्षे शिकण्यात घालविली, आणि त्याचे सर्वांत टिकाऊ काम त्या शिकण्यातूनच झाले.

अडसर केवळ भाषेचा नव्हता. १८३३ पासून चालत आलेल्या आरोग्यविषयक नियमानुसार मॉर्मन अनुयायी मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य मानतात. जपानी घरात पाहुण्यापुढे चहा ठेवणे हा आदरातिथ्याचा पहिला उपचार. तो नाकारावा, तर यजमानाचा अवमान. घ्यावा, तर व्रतभंग. हा साधा दिसणारा पेच प्रचारकाला रोज नव्याने सोडवावा लागे.

१९२४ नंतरची मंडळी

१९०१ ते १९२४ या तेवीस वर्षांत ऐंशीहून अधिक प्रचारकांनी जपानमध्ये काम केले. बाप्तिस्मा घेतला सुमारे १७० जणांनी, आणि त्यांतील अनेक जण पुढे दूर गेले. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा परिसरात महाभूकंप झाला. १९२४ मध्ये अमेरिकेने जपानी लोकांच्या स्थलांतराला बंदी करणारा कायदा केला, आणि जपानमध्ये अमेरिकाविरोधी संताप उसळला. त्याच वर्षी चर्चने जपानमधील प्रचारकार्य बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा चर्चच्या अध्यक्षपदी हेबर ग्रँट होते. ज्यांनी हे कार्य सुरू केले, त्यांच्याच कारकिर्दीत ते थांबले. ऑगस्ट १९२४ मध्ये अखेरचे प्रचारक जहाजात चढले.

सोडून गेलेल्यांची बाजू कागदपत्रांत सापडते. मागे राहिलेल्यांचे मात्र काय? अल्पसंख्याकांतील हे अत्यल्पसंख्याक होते. बाप्तिस्मा देण्याचा आणि इतर विधी चालविण्याचा अधिकार असलेली माणसे त्यांच्यात फारच थोडी होती. ते सापोरो, टोकियो, ओसाका अशा दूरदूरच्या शहरांत विखुरलेले होते. अशा वेळी एका रेल्वे कर्मचाऱ्याने पुढाकार घेतला. त्यांचे नाव फुजिया नारा. त्यांचा बाप्तिस्मा १९१५ मध्ये झाला होता. ते पत्रे लिहून लोकांशी संपर्क ठेवीत, बैठका घेत. 'शुरो', म्हणजे ताडवृक्ष, या नावाचे एक छोटे नियतकालिकही त्यांनी काढले. १९२७ मध्ये यूटाहून आलेल्या पत्रान्वये त्यांची जपानमधील अनुयायांचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. हा पत्रव्यवहार अमेरिकेकडून सांभाळीत होते आल्मा टेलर. सतरा वर्षांपूर्वी जपान सोडलेला तो तरुण प्रचारक आता प्रौढ झाला होता, पण त्याने मंडळीचा हात सोडला नव्हता.

पुढे नारा यांना नोकरीनिमित्त मांचुरियाला जावे लागले. यूटात शिक्षण घेऊन परतलेले ताकेओ फुजिवारा यांच्याकडे नेतृत्व आले; परंतु १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर युद्धाचे दिवस आले आणि दोन्ही देशांतील संबंध पूर्णपणे तुटले. तरीही १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीनंतर एका मॉर्मन अमेरिकी अधिकाऱ्याने जुन्या अनुयायांना आवाहन करणारे निवेदन वृत्तपत्रात दिले, तेव्हा ते वाचून फुजिया नारा भेटावयास आले. एकवीस वर्षांच्या खंडानंतरही आपण त्या मंडळीचे आहोत असे सांगणारा मनुष्य शिल्लक होता.

चहाचा पेला

त्याच सुमारास नागोयाजवळच्या नारुमी या गावी एक प्रसंग घडला. काही अमेरिकी सैनिकांपुढे जपानी पद्धतीने चहा ठेवण्यात आला. त्यांनी तो नम्रपणे नाकारला. जेते सैनिक मद्यही घेत नाहीत आणि चहाही नाही, याचे तात्सुई सातो या जपानी गृहस्थांना कुतूहल वाटले. त्यांनी कारण विचारले. त्या प्रश्नातून बोलणे वाढले, भेटी सुरू झाल्या, आणि ७ जुलै १९४६ रोजी सातो व त्यांच्या पत्नी चियो यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. हे सैनिक नेमलेले प्रचारक नव्हते. आणि ज्या नियमामुळे पूर्वीच्या प्रचारकांना जपानी घराच्या उंबरठ्यावर अडखळावे लागे, तोच नियम येथे परिचयाचे निमित्त ठरला. पाहुण्याचे वेगळेपण हे नेहमीच अडचण नसते. ते उद्धटपणे मिरवले की अडचण होते, आणि सौजन्याने पाळले की त्यातून संवाद सुरू होऊ शकतो.

१९४८ मध्ये प्रचारक पुन्हा जपानमध्ये आले. या वेळी त्यांना भाषा समजावून देणारा, पुस्तके तपासणारा, जपानी मनाला काय पटेल हे सांगणारा जाणता मनुष्य तेथेच उपलब्ध होता. सातो यांनी अनुवादाचे मोठे काम केले, आणि त्यांनी केलेला 'मॉर्मनच्या पुस्तका'चा नवा जपानी अनुवाद १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला अनुवाद भाषा शिकलेल्या पाहुण्याने केला होता. दुसरा घरच्या माणसाने केला. १९८० मध्ये टोकियो येथे या पंथाचे आशिया खंडातील पहिले मंदिर उभे राहिले.

पुण्याचा प्रयोग

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात सापडते. जपानच्या पन्नास वर्षे आधी, १८५१ मध्ये, मॉर्मन प्रचारक कलकत्त्याला आले. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक मुंबईस उतरले व तेथून पुण्यास गेले. त्यांनी मराठी शिकण्यास प्रारंभ केला आणि पुण्यात एक छोटी शाखाही स्थापन केली. परंतु लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध होता, वृत्तपत्रे प्रतिकूल होती, आणि त्या काळी पंथात मान्य असलेल्या बहुपत्नीत्वाची वार्ता पसरल्याने संशय वाढला होता. (ही प्रथा बंद करण्याची घोषणा चर्चने १८९० मध्ये केली.) १८५६ पर्यंत जवळजवळ सर्व प्रचारक भारतातून परत गेले आणि हे कार्य मावळले.

फिंडले यांच्या परिश्रमांत उणीव होती, असे म्हणता येणार नाही. फरक मंडळीच्या घडणीत होता. भारतातील अनुयायी प्रामुख्याने युरोपीय होते, आणि त्यांत सैनिक बरेच होते. पलटण हलली की शाखा विरघळत असे. शिवाय त्या काळी सर्व अनुयायांनी यूटात जाऊन एकत्र राहावे, अशी चर्चची शिकवण होती. ज्याची श्रद्धा अधिक दृढ, तोच आधी देश सोडून जाण्याची तयारी करी. अशा स्थितीत मागे उरणार कोण?

पुणे आणि टोकियो ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, की आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. दोन्हीकडे प्रचारक आले, भाषेशी झगडले आणि निघून गेले. एका ठिकाणी मंडळी पाहुण्यांचीच होती. दुसरीकडे ती थोडीशीच, पण घरच्या माणसांची होती. नोंदवहीत तेवीस वर्षांचे फळ म्हणून सुमारे १७० हा आकडा दिसतो, आणि १९२४ मध्ये त्या आकड्यावरूनच कामाचे मोल केले गेले. आपल्या नोकरीतून वेळ काढून पत्रे लिहीत बसलेला रेल्वे कर्मचारी त्या आकड्यात एकच मोजला गेला होता. लहान मंडळीत सेवा करणाऱ्या प्रचारकाने आपल्या कामाची परीक्षा घ्यावयाची असेल, तर आपण किती जणांना बाप्तिस्मा दिला यापेक्षा, आपण गेल्यावर रविवारी खोलीचे दार कोण उघडणार आहे, हा प्रश्न त्याने आधी विचारला पाहिजे.