खतं बुडवावीत, पण आपल्या वाट्याची



आजचं मनन : गीता, अध्याय १७, श्लोक १५. भगवंत इथे वाणीचं तप सांगतात. बोलणं दुसऱ्याला न टोचणारं हवं, खरं हवं, गोड हवं आणि हिताचंही हवं. घरातल्या पैशाच्या वादात सल्ला द्यायची वेळ आली की हे किती अवघड आहे ते कळतं.

माझे मामा गंगाखेडला असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या मामांना बोअर आणि मोटरीसाठी ३ लाख रुपये उसने दिले. धाकटे मामा आता म्हणतात, "आबांच्या दवाखान्याला मी पैसे घातले, त्यात ते फिटले." बोलणं बंद झालंय. परवा मामांचा फोन आला, "तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली. मीही हा कागद गंगेत सोडतो. तू काय म्हणतोस?" (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.)

ऐकायला किती छान! पण ती कथा नीट आठवून बघा. १६३०च्या सुमाराचा दुष्काळ, घरची महाजनकी बसलेली, पहिली पत्नी गेलेली. तुकोबांना येणं वसूल करायचं नव्हतं. पण परंपरा सांगते की त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि फक्त आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. स्वतःचं वैराग्य त्यांनी भावाच्या संसारावर लादलं नाही.

आता मामांचा हिशेब. त्या ३ लाखांत १ लाख २० हजार मामींच्या पाटल्या मोडून आलेले. मी म्हणालो, "मामा, तुमचे सोडायचे तर खुशाल सोडा. मामींचे सोडायचे की नाही, ते मामीच ठरवणार."

दुसरी गोष्ट त्यांना कडू लागली. आबा दोघांचे वडील. दवाखान्याची बिलं समोर मांडली तर त्यातला निम्मा खर्च मामांच्याच वाट्याचा. तेवढी रक्कम वजा करायलाच हवी. धाकट्या मामांचं म्हणणं साफ खोटं नाही.

आणि तिसरी व्यवहाराची : उसन्या पैशाच्या दाव्याला १९६३च्या मुदत कायद्यानुसार साधारण ३ वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत उरलेल्या रकमेची सहीनिशी लेखी कबुली घेतली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. कोर्टात जायचंच असं नाही. पण कागद स्वच्छ असला की भावाशी बोलताना आवाज चढत नाही.

मामा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिला विचारतो आधी."

आजचा अभ्यास : तुमच्या घरात कुणी "जाऊ दे, सोडून दे" म्हणालं, तर थांबून एकच प्रश्न विचारा. जे सोडतोय ते नक्की कुणाचं आहे?

राम कृष्ण हरी 🙏