नॉमिनीच्या रकान्यात नाव लिहिताना

अगं, नोकरीला लागलीस, आता फॉर्मवर फॉर्म भरशील आणि जवळजवळ प्रत्येकात 'नॉमिनी'चा रकाना येईल. घाईघाईत एक नाव टाकून मोकळी होऊ नकोस. बँकेच्या काउंटरमागे उमर काढली, म्हणून मावशीचं एवढं ऐक.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. खातेदार गेल्यावर बँक ज्याच्या हाती पैसे सोपवते, तो नॉमिनी. ते पैसे शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअर्सबाबतही हेच सांगितलं. फ्लॅटचंही तसंच, सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी लागला म्हणून तो मालक होत नाही. विम्याची गोष्ट थोडी वेगळी. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांना नॉमिनी केलं, तर रक्कम त्यांचीच होते. तेव्हा कोणाला काय द्यायचं ते मृत्युपत्रात लिही. दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांच्याही सह्या घेतल्या की झालं, नोंदणीची सक्ती नाही.

मग नॉमिनी लावायचाच कशाला? रकाना रिकामा असला की काय होतं, ते मी रोज पाहिलंय. नवरा गेलेली बाई पासबुक घेऊन येते. मग वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, सगळ्या मुलांच्या सह्या. एक मुलगा परदेशात असला की त्याच्या सहीपायी सगळं अडतं, आणि इकडे किराणा भरायचीही पंचाईत. नाव असतं तर मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र दाखवून काम झालं असतं.

लग्न झालं की पीएफचं नामांकन नव्याने भर, आधीचं रद्द धरलं जातं. हे फार जणांना माहीत नसतं. अज्ञान मुलाचं नाव दिलंस, तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचंही दे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ठेवींसाठी प्रत्येकाचा टक्काही ठरवता येतो. फॉर्म दिलास की पोच मागून घे, आणि पासबुकावर नामांकनाची नोंद झाली का ते तिथेच बघ.

आज घरी गेलीस की तुझ्या बाबांचं पासबुक काढ. नॉमिनी म्हणून अजून तुझ्या गेलेल्या आजीचंच नाव असलं, तर उद्याच त्यांना घेऊन शाखेत जा.